कडोदऱ्याच्या चौफुलीवरचा वास्तववाद

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो, ते कडोदरा. हाच रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला पोचतो. त्या वाटेने आणि भुसावळ-सुरत गाडीने खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेकडे येत राहिली. उधना, लिंबायत भागात त्यांच्या वस्त्या आहेत. वास्तववादाचा आढावा इथून घ्यावासा वाटतो, कारण कोणाच्या कामाकडे बघायचं, याच प्रश्नावर ही चळवळ उभी राहिली.

गुस्ताव कूर्बेने 1849 मध्ये दोन दगडफोडे रंगवले. म्हातारा गुडघा टेकून हातोडा उचलतोय, टोपीच्या सावलीत त्याचा चेहरा हरवलाय. पोरगा पाठमोरा, खडीच्या ओझ्याने वाकलेला. सदरा फाटका, कपड्यांना ठिगळं. एवढा मोठा कॅनव्हास तोवर देवादिकांना आणि राजांना मिळायचा. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. चेहरे न दाखवता कूर्बेने दया मागण्याची सोयच ठेवली नाही, म्हणून ते मला थोर वाटतं. पुढे 1885 मध्ये झोलाची 'जर्मिनल' ही कादंबरी कोळशाच्या खाणीत उतरली. 1890 मध्ये मास्कान्यीच्या 'कावाल्लेरिया रुस्तिकाना'ने सिसिलीचे खेडूत ऑपेरात आणले. पण तिथे मत्सर आणि खूनच फार गाजतात, रोजचं काम फारसं ऐकू येत नाही.

ते ऐकू येतं बहिणाबाई चौधरींकडे. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी जात्यावर, शेतात गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती जपली गेली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. कामाची लय हीच तिथे गाण्याची लय आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा एकाच दमात येतात. संगीतातला मराठी वास्तववाद नाट्यगृहापेक्षा तमाशाच्या फडावर आणि मोर्चात जास्त सापडतो, असं माझं ठाम मत आहे.

गद्यात हरिभाऊ आपट्यांनी 1890 च्या सुमारास 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत नायिका यमूला स्वतःच्या तोंडून बोलू दिलं. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 चा. त्यानंतर मध्यमवर्गीय दिवाणखान्यालाच वास्तव म्हणणं अवघड झालं. पडद्यावर बाबुराव पेंटरांच्या 'सावकारी पाश' या चित्रपटात (1925) जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. चित्रकलेत सुधीर पटवर्धनांनी मुंबई-ठाण्याची माणसं, चाळी, रेल्वेपूल रंगवले. त्यांचं 'लोअर परळ' 2001 चं, म्हणजे 1982 चा गिरणी संप होऊन गेल्यानंतरचं मुंबईचं गिरणगाव.

गिरणगावाला कवी नारायण सुर्वे मिळाले, जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक मिळालं. सुरत पट्ट्याला मराठीने तेवढं लक्ष दिलेलं नाही, ही मला सलणारी गोष्ट आहे. इथलं काम वेगळं आहे. ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड येतं, जेट मशीनमध्ये दाबाखाली रंगतं, मग स्टेंटरच्या तापलेल्या कप्प्यांतून ताणून सुकवलं जातं. वाफ, रसायनांचा उग्र वास, बारा तासांची पाळी. राहुल जैन यांचा 'मशीन्स' (2016) हा माहितीपट सुरतेजवळच्या अशाच कारखान्यात चित्रित झाला. कॅमेरा बराच वेळ काहीही न बोलता यंत्रांमधून फिरतो. अखेरीकडे कामगार दिग्दर्शकालाच घेरतात: तुम्ही येता, आमचे प्रश्न ऐकता आणि निघून जाता; आम्ही काय करायचं ते सांगा. हा प्रसंग त्यांनी कापला नाही, म्हणून मी हा माहितीपट कूर्बेच्या रांगेत बसवतो.

मराठीत यावर लिहायचं तर पाळीचा हिशेब, मुकादमाशी बोलणं, गावी पाठवलेले पैसे, भाड्याच्या खोलीतली ओडिया आणि बिहारी सोबत हे सगळं लागेल. आणि खानदेशच्या अहिराणीत गुजराती-हिंदी मिसळून बोललं जातं, ते तसंच कागदावर उतरवणारा माणूस लागेल. तो पुण्या-मुंबईचा असायची गरज नाही. लिंबायतच्या एखाद्या शाळेतून मराठी शिकून बाहेर पडलेली मुलगीच हे जास्त नेमकं लिहील.