दारू सोडायची : घरी की दवाखान्यात?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दारूची दुकानं एकदम बंद पडली. कितीतरी घरांना वाटलं, एवढं एक तरी बरं झालं, आता आपोआप सुटेल. पण चार-दोन दिवसांतच बंगळुरूच्या रुग्णालयांत फिट आलेले, भ्रम झालेले, बरळणारे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले. निम्हान्स या तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी शहरातल्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा दारू अचानक तुटल्यामुळे गंभीर अवस्थेत येणाऱ्यांची रोजची संख्या जवळपास दुप्पट झालेली आढळली. केरळमध्ये याच काळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायालयाचं बरोबरच होतं. दारू हे या त्रासावरचं औषध नाही. पण सरकारची घबराटही खोटी नव्हती.

दारू पिऊन माणूस मरतो हे सगळ्यांना माहीत आहे. दारू सोडताना मरू शकतो, यावर मात्र विश्वास बसत नाही. पूर्वी डॉक्टरांचाही बसत नव्हता. कापरं आणि भ्रमाच्या या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने १८१३ मध्येच दिलं होतं, पण पुढची शंभरहून अधिक वर्षं अनेकांची समजूत अशी होती, की हे कापरं, हे भास कुपोषणामुळे होतात किंवा अति प्यायल्याने होतात. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाद मिटवला. पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेल्या दहा जणांना त्यांनी चांगलं खाणंपिणं आणि जीवनसत्त्वं देत रोज भरपूर दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. लवकर थांबलेल्या चौघांना थोडाफार त्रास झाला. ४८ ते ८७ दिवस पीत राहिलेल्या सहा जणांपैकी दोघांना फिट आल्या, तिघांना भ्रम झाला. पोषण उत्तम होतं, म्हणजे कारण एकच उरलं : दारू थांबणं. आज असा प्रयोग करायला कोणतीही नैतिक समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण त्या माणसांनी सोसलेल्या हालांतून मिळालेलं ज्ञान आपण वापरतो आहोत, याची आठवण असावी.

मेंदूत नेमकं काय होतं? गाबा नावाचं रसायन मेंदूच्या पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना उत्तेजित करतं. दारू गाबाची ताकद वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. रोज, वर्षानुवर्षं हे घडत राहिलं, की मेंदू आपल्या परीने तोल सावरतो. गाबाला तो कमी प्रतिसाद देऊ लागतो आणि ग्लुटामेट स्वीकारणारी यंत्रणा वाढवतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू जोर लावून उभ्या असाव्यात आणि एका बाजूने अचानक दोर सोडून द्यावा, तसं दारू थांबल्यावर होतं. उत्तेजनाला आवरणारं कुणी उरत नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते.

याचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं आणि ते प्रत्येक घराला माहीत हवं. कापरं शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत सुरू होतं. म्हणूनच काहींना सकाळी डोळा उघडल्याबरोबर ‘लागते’. फिटचा धोका पहिल्या ४८ तासांत. भ्रम, म्हणजे माणसं न ओळखणं, नसलेले किडे अंगावरून झटकणं, ताप, बेभान धडपड, हे बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. दोन दिवस बरे गेले की घरचे निर्धास्त होतात, आणि खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी असते. उपचार नव्हते तेव्हा भ्रमापर्यंत पोहोचलेल्यांपैकी तिसरा हिस्सा दगावल्याच्याही नोंदी आहेत. आज वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं.

उपचार सोपे आहेत. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध बाजारात आलं. ते गाबामार्फतच काम करतं, म्हणून दारूने सोडलेली जागा तात्पुरती भरून काढतं. मग डॉक्टर रोज थोडा थोडा डोस कमी करत आठवडाभरात ते बंद करतात. यकृत फार खराब असेल तर लोराझेपामसारखं औषध वापरतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. एवढंच. मग यासाठी माणसाला ॲडमिट करायलाच हवं का?

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर १९८९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून आलं. मोतोई हायाशिदा आणि सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या १६४ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं : ८७ जण ओपीडीत, ७७ जण वॉर्डात. ओपीडीतल्यांनी रोज यायचं, तपासून घ्यायचं, ऑक्साझेपामच्या उतरत्या डोसच्या गोळ्या घेऊन घरी जायचं. ही माणसं सुखवस्तू नव्हती. बहुतेक गरीब होती. निकाल असा : दोन्ही गटांत कुणालाही गंभीर गुंतागुंत झाली नाही. ओपीडीतल्यांचा उपचार सरासरी साडेसहा दिवसांत आटोपला, वॉर्डातल्यांना नऊ दिवसांहून थोडे जास्त लागले. खर्चातली तफावत तर डोळे विस्फारायला लावणारी होती. ओपीडीत माणशी १७५ ते ३८८ डॉलर, वॉर्डात ३,३१९ ते ३,६६५ डॉलर.

पण उपचार पूर्ण किती जणांनी केला? वॉर्डात ९५ टक्के, ओपीडीत ७२ टक्के. म्हणजे घरून येणाऱ्यांपैकी चारातला एक मध्येच गळाला. वॉर्डाच्या भिंतींचा फायदा हा एवढा आणि खरा. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा मात्र दोन्ही गटांच्या पिण्यात फरक उरला नव्हता.

हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस पुढे दारूपासून दूर राहील की नाही, हे पहिला आठवडा त्याने कुठल्या खाटेवर काढला यावर ठरत नाही. पहिल्या आठवड्याची जागा ठरवायची ती फक्त एका प्रश्नावरून : या माणसाला घरी जिवाचा धोका किती? आपल्याकडे ती ठरते भलत्याच गोष्टींवरून. पैसा असेल आणि घरचे टेकीला आले असतील तर सौम्य त्रासाचा माणूसही महिनाभर भरती. आणि ज्याला खरोखर वॉर्डाची गरज आहे, त्याची बाटली हिसकावून त्याला खोलीत कोंडून ठेवतात.

धोका ओळखायच्या कसोट्या जगभर साधारण सारख्या आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३० युनिटपेक्षा जास्त पिणाऱ्यांसाठी भरती करून उपचार सुचवले आहेत. आपल्या हिशेबात मांडू. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे साडेसात युनिट. तेव्हा रोज चार क्वार्टर किंवा त्याहून जास्त, तर घरी प्रयोग नको. मात्र प्रमाणापेक्षाही पूर्वेतिहास बोलका असतो. आधी कधी दारू सोडताना फिट आली होती का? भ्रम झाला होता का? मिरगी आहे का? दारूसोबत झोपेच्या गोळ्यांचीही सवय आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर रोज दोनच क्वार्टर पिणाऱ्यालाही भरती करणं शहाणपणाचं. गंभीर आजार, आत्महत्येचे विचार, गर्भारपण, उतारवय, राहायला घर नसणं, हेही त्याच बाजूला झुकवणारं.

पूर्वेतिहासाला एवढं वजन का, याचंही शास्त्र आहे. १९७८ मध्ये बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी मांडलं, की दारू तुटण्याचा प्रत्येक झटका मेंदूला पुढच्या झटक्यासाठी अधिक संवेदनशील करून ठेवतो. पहिल्या वेळी नुसतं कापरं, पाचव्या वेळी फिट, असं होऊ शकतं. आपल्याकडे आषाढीच्या आधी माळ घालून, श्रावण धरून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊन माणसं एका दिवसात दारू बंद करतात. त्या निश्चयाबद्दल मनात आदरच आहे आणि माळेने कित्येक संसार सावरले आहेत. पण रोज पिणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टरकडे जावं. ‘मागच्या वर्षी सोडली होती तेव्हा काही झालं नाही’ हा भरवशाचा पुरावा नाही.

घरी उपचार करायचे तर घरही तसं हवं. चोवीस तास सोबत राहणारं, स्वतः न पिणारं एक माणूस. रोज डॉक्टरची किंवा नर्सची भेट. गोळ्या त्या सोबतच्या माणसाच्या ताब्यात, आणि एका वेळी दोन दिवसांपेक्षा जास्तीच्या नाहीत. कारण या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेल्या तर श्वास मंदावू शकतो. उलट्या थांबत नसतील, ताप चढला, माणूस वेळ-काळ विसरू लागला, की विचार करत न बसता रुग्णालय गाठायचं.

दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. ‘अशक्त झालाय, सलाईन लावा’ हा आपल्याकडचा नेहमीचा आग्रह. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिनचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर वेर्निके नावाचा मेंदूचा आजार उफाळू शकतो आणि स्मृती कायमची जाऊ शकते. डॉक्टरला दारूबद्दल न लपवता सांगा, म्हणजे थायमिन आधी दिलं जाईल. दुसरं, जेवणात गुपचूप मिसळायची औषधं. त्यात अनेकदा डायसल्फिराम असतं. त्याच्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. माणसाला अंधारात ठेवून त्याला व्यसनमुक्त करता येत नाही.

आता आपल्या देशाचं गणित. एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले २.७ टक्के भारतीय दारूवर अवलंबून आहेत. त्यांच्यातल्या ३८ जणांमागे एकाला कसलेतरी उपचार मिळाले, आणि भरती होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. प्रत्येकाला खाट द्यायची म्हटलं तर ही रांग कधीच संपणार नाही. म्हणून ओपीडीतला आणि गावातला उपचार हा गरिबांसाठीची तडजोड म्हणून न पाहता मुख्य मार्ग म्हणून उभा करायला हवा. तमिळनाडूत शांती रंगनाथन यांच्या चेन्नईतल्या टीटीके रुग्णालयाने १९८९ पासून मंजक्कुडी गावात शिबिरं भरवली. गावातच, गावकऱ्यांच्या मदतीने, पंधरा दिवस उपचार आणि पुढे पाठपुरावा. रुग्णाला चेन्नईला जावं लागलं नाही आणि घरच्यांची मजुरीही बुडाली नाही. ही ना घर ना वॉर्ड अशी तिसरी वाट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना या गोळ्या आणि थायमिन कसं द्यायचं हे शिकवलं, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात ती काढता येईल.

शरीरातून दारू उतरवणं हे आठवडाभराचं काम. तिथे थांबलो तर ती बहुधा परत येते. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये गटचर्चा, समुपदेशन आणि पत्नींसोबतचं काम यांवर एवढा भर असतो तो त्यासाठीच. मुक्काम घरी असो वा दवाखान्यात, आठव्या दिवसाची भेट पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

घरात कुणी रोज पीत असेल आणि सोडायची तयारी दाखवत असेल, तर बाटली ओतून देण्याआधी १४४४६ या सरकारच्या निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाताना तीन गोष्टी लिहून न्या : रोज किती पितो, शेवटची किती वाजता प्यायला, आणि आधी कधी फिट किंवा भ्रम झाला होता का. घर की वॉर्ड, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.