वंशावळी लिहिणारा साहेब

बरगीच्या जलाशयाकाठी हिवाळ्यात काही दिवस राहायचे, ही निवृत्तीनंतर मी स्वतःला लावून घेतलेली सवय. धरण १९९० मध्ये पुरे झाले. त्याआधीची बरगी ही जबलपूर-नागपूर रस्त्यावरची वस्ती म्हणूनच ठाऊक होती. याच रस्त्याने दक्षिणेतले सावकार, रजेवर निघालेले शिपाई आणि काशीला जाणारे यात्रेकरू नर्मदा ओलांडत. यंदा सोबत चिनी सुरक्षायंत्रणेवरचे वाचन होते. चौ युंगकांग हे चीनचे सार्वजनिक सुरक्षामंत्री होते आणि पुढे पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत बसले. २०१५ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या चौकशीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते फू चंगहुआ २०२२ मध्ये स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांना स्थगित मृत्युदंड ठोठावला गेला. माओंचे गुप्तहेरप्रमुख खांग शंग १९७५ मध्ये सन्मानाने मेले, पण पाच वर्षांनी मृताचेच पक्षसदस्यत्व काढून घेण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या फाइली लिहिल्या, त्यांची फाइल शेवटी दुसऱ्याच कोणी तरी लिहिली.

वाचता वाचता मला बरगीहून तासाभराच्या अंतरावरच्या जबलपुरात कचेरी थाटलेल्या एका अधिकाऱ्याची आठवण होत राहिली. त्याची फाइल मात्र आजतागायत त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

विल्यम हेन्री स्लीमन १७८८ मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्मला, १८०९ मध्ये कंपनीच्या बंगाल फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला आणि नेपाळच्या युद्धात लढला. सागर-नर्मदा प्रदेश कंपनीने नागपूरकर भोसले आणि पेशवे यांच्याकडून नुकताच घेतला होता. तेथे १८२० मध्ये मुलकी कामावर त्याची नेमणूक झाली. १८२२ पासून तो नरसिंहपूरचा कारभार पाहू लागला. आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक चोरी आपल्याला ठाऊक असते, असे त्याला वाटे. पुढे त्याला कळले, की कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती आणि एका मजलेवरच्या मंडेसरच्या आमराया म्हणजे प्रवाशांचे गळे आवळून त्यांना पुरण्याची नावाजलेली ठिकाणे होती. ही कबुली त्याने स्वतः छापली. आपल्या नाकाखाली काय चालले होते हे आपल्याला कळले नाही, असे लिहून देणारा अधिकारी मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही भेटला नाही. तेवढ्यासाठी मी त्याला मान देतो.

मात्र या कबुलीचा त्याने उपयोगही करून घेतला. १८३० च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साहित्यिक साप्ताहिकात ठगांविषयी एक निनावी पत्र आले. देवीचे भक्त असलेला हा गुप्त पंथ देशभर पसरला आहे, असा त्याचा सूर होता. पत्र स्लीमनचेच होते. हाताखालच्या अधिकाऱ्याने वर्तमानपत्रातून सरकारला हलवायचे, ही युक्ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच जुनी आहे. लॉर्ड बेंटिंकचे सरकार हलले. १८३५ मध्ये स्लीमन ठगी निर्मूलनाचा सर्वाधिकारी झाला आणि जबलपूर हे त्याच्या कामाचे केंद्र बनले.

त्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. तोवरचे न्यायाधीश एका खुनाचा पुरावा मागत. प्रेत सापडत नसे, साक्षीदार पुरलेले असत आणि खून एका संस्थानात, तर मारेकऱ्याचे घर दुसऱ्यात. स्लीमनने खुनाऐवजी माणसांचा हिशेब ठेवायला घेतला. पकडलेल्यांपैकी काहींना फाशीपासून अभय देऊन त्याने माफीचे साक्षीदार केले. फिरंगिया हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तंबू ठोकलेल्या आमराईतच त्याने प्रेते कुठे पुरली आहेत ते दाखवले आणि खणल्यावर ती निघाली. साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून एकाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहिले जाई. ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, पुरण्याच्या जागांचे नकाशे झाले आणि त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश ‘रामसीयाना’ या नावाने १८३६ मध्ये छापला गेला. सुमारे चौदाशे माणसे फासावर गेली किंवा आजन्म काळ्या पाण्यावर. माफीच्या साक्षीदारांनाही सुटका नव्हती. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली आणि गालिचे, तंबू विणत ते तेथेच म्हातारे झाले.

इतिहासाचा विद्यार्थी येथे अडखळतो. त्या रस्त्यांवर खून झाले, हाडे निघाली, यात शंका नाही. पण देशव्यापी, आनुवंशिक, देवीभक्तांचा पंथ ही गोष्ट आपल्याला कोणाकडून कळते? मुख्यतः अशा माणसांच्या जबान्यांतून, ज्यांचे जगणे पुढची नावे सांगण्यावर टांगलेले होते. जबान्या कोणी घेतल्या? ज्याचे खाते त्यांवर उभे होते, त्याने. स्ट्युअर्ट गॉर्डनने १९६९ मध्ये आणि किम वाग्नरने २००७ मध्ये हीच सामग्री पुन्हा वाचली. पंथाऐवजी त्यांना दिसली ती स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चालणारी, पडत्या काळात वाढणारी लूट. मला हे वाचन अधिक पटते. मराठी आणि पेंढारी फौजा मोडल्यावर हजारो हात रिकामे झाले होते, हे कोणत्याही पंथापेक्षा साधे कारण आहे.

शंका घेऊनही भागत नाही, कारण त्या कागदांतून कायदा जन्मला. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. अमुक खून अमुक माणसाने केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. वंशावळीतून गुन्हेगार ओळखण्याची कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अख्ख्या जमातींवर लादली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ज्यांचे आजोबा हजेरी देत होते, त्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पारध्याच्या झोपडीवर पोलिसांची नजर अजूनही आधी जाते.

खातेही संपले नाही. ठग उरले नाहीत, तेव्हा त्याला दरोडेखोर जोडले गेले. डिसेंबर १८८७ मध्ये त्याच्याच आश्रयाने मध्यवर्ती विशेष शाखा निघाली, तिचे काम राजकीय बातम्या गोळा करणे. १९०४ मध्ये ठगी खाते बंद होऊन मध्यवर्ती गुन्हेगारी गुप्तवार्ता विभाग आला. आजचा इंटेलिजन्स ब्यूरो त्याच वंशातला.

स्लीमन स्वतः पुढे ग्वाल्हेर आणि लखनौ येथे रेसिडेंट झाला. अवधच्या गैरकारभाराचे त्याने लिहिलेले वर्णन राज्य खालसा करण्यासाठी वापरले गेले, जरी खालसा करण्याला त्याचा विरोध होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध गेले. त्याच महिन्याच्या दहा तारखेला मायदेशी परतताना सिलोनजवळ समुद्रात तो मेला.

बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्व हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरूप भुयान प्रकरणात म्हटले होते. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरवले. दहशतवादाशी सामना करणाऱ्या राज्याला अशी साधने लागतात, हे मी नाकारत नाही. मात्र सदस्य कोण, हे ज्या कागदावरून ठरते तो कोणी लिहिला, हे विचारण्याची सवय मला उशिरा लागली.

नव्वदच्या दशकात एका जिल्ह्यात मी कनिष्ठ अधिकारी होतो. मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियमाखाली एका माणसाला जिल्हाबदर करण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. सात गुन्हे, ‘साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत’ असा शेरा, आणि गोपनीय अहवाल. मी अनुकूल टिपण लिहिले. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी कागद चाळताना दिसले, की सातांपैकी चार गुन्हे शेजारच्या गावातल्या त्याच नावाच्या माणसावर होते. बापाचे नाव वेगळे होते. तोवर हद्दपारीची मुदत संपून तो परत आलेला होता. मी दुरुस्तीचे टिपण जोडून फाइल वर पाठवली. पंधरा दिवसांनी ती परत आली. समासात एकच शब्द होता : ‘नस्तीबद्ध’.