परसातील टोमॅटो

पौष-माघाच्या थंडीत परसातील टोमॅटोची झाडे फळांनी लगडलेली असतात. हिरव्या फळांवर प्रथम पिवळसर झाक येते, मग नारिंगी; आणि आता दोन दिवसांत ती लालबुंद होणार म्हणून घरातील मुले रोज सकाळी झाडापाशी जाऊन पाहतात. अशात एके दिवशी निराळेच दृश्य दिसते. जे फळ सर्वांत मोठे, तेच देठापाशी चिरलेले असते आणि चिरेत मुंग्या शिरलेल्या असतात. शेजारच्या फळाच्या बुडाशी रुपयाएवढा काळा, चामड्यासारखा डाग पडलेला असतो. अडीच-तीन महिन्यांची मेहनत अगदी शेवटच्या आठवड्यात वाया जाते. कोणी किडीला दोष देतो, कोणी बियाण्याला. दृष्ट लागली असे म्हणणारेही भेटतात. वास्तविक यांपैकी कोणाचाच अपराध नसतो. दोष बहुधा पाण्याच्या बादलीचा असतो. अधिक नेमके सांगायचे तर, ती बादली कधी ओतली गेली आणि कधी ओतायची राहिली, याचा.

हे नीट समजण्यासाठी टोमॅटोचे मूळ पाहिले पाहिजे. हे झाड वांगी, बटाटा आणि मिरची यांच्या कुळातले. महाराष्ट्राच्या काही भागांत त्याला ‘वेलवांगी’ म्हणत आणि बंगालीत ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे, म्हणत. सामान्य माणसांनी ओळखलेले हे नाते वनस्पतिशास्त्रालाही मान्य आहे. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि इक्वेडोर या देशांत आजही आढळतात. त्यांची फळे वाटाण्याएवढी असतात. मेक्सिकोतील लोकांनी ते झाड लागवडीखाली आणले आणि पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या फळांचे बी राखून ठेवून फळ वाढवत नेले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी टोमॅटो युरोपात नेला, आणि पोर्तुगिजांबरोबर तो भारतात आला. ‘टोमॅटो’ हे नावही मेक्सिकोतील ‘टोमाट्ल’ या जुन्या शब्दावरून आलेले आहे.

रानटी टोमॅटो आडवा कापला तर आत केवळ दोन कप्पे दिसतात. बाजारातील मोठा, चपटा टोमॅटो कापला तर तेथे पाच, सात, कधी त्याहूनही अधिक कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यात रसाळ गरात बिया बसलेल्या असतात. फळ किती मोठे होऊ शकेल हे पुष्कळसे या कप्प्यांवर अवलंबून असते, आणि कप्प्यांची संख्या जातीनुसार ठरते. म्हणून मोठी फळे हवी असतील तर जात तशी निवडावी लागते. लहान फळांच्या जातीला कितीही खत घातले तरी ती मोठी फळे देणार नाही. बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेली ‘अर्का रक्षक’ ही जात तीन रोगांना तोंड देते आणि तिचे एकेक फळ ९० ते १०० ग्रॅम भरते. घरच्या बागेला असे बियाणे सोईचे पडते.

जात चांगली असली तरी उरलेले काम पाण्याचे असते. १०० ग्रॅम टोमॅटोत सुमारे ९४ ग्रॅम पाणी असते. साखर, आंबटपणा, रंग, साल, बिया हे सर्व मिळून उरलेल्या सहा ग्रॅमांत. फूल फळल्यावर पहिले दोन आठवडे फळ फारसे मोठे दिसत नाही, कारण त्या काळात त्यातील सूक्ष्म पेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढत असतात. नंतरचे तीन-चार आठवडे त्याच पेशी पाण्याने भरत जातात आणि फळ डोळ्यांदेखत फुगते. पहिल्या काळात झाड उपाशी राहिले तर पेशी कमी पडतात. दुसऱ्या काळात तहानलेले राहिले तर त्या भरत नाहीत.

लागवडीची वेळही याच हिशोबाने ठरते. दिवसाचे ऊन पस्तीस अंशांच्या वर गेले किंवा रात्री फार उबदार राहिल्या, तर फुले गळून पडतात. कडक उन्हाळ्यात फळांना लाल रंगही नीट चढत नाही. ती पिवळट राहतात. महाराष्ट्रात भाद्रपद-आश्विनात बी पेरून साधारण महिन्याभराची रोपे लावली, तर फुले आणि फळे थंडीत येतात व ती उत्तम पोसतात.

टोमॅटोच्या खोडाला एक विलक्षण गुण आहे. ते मातीत गाडले की त्यावर नवी मुळे फुटतात. म्हणून रोप लावताना खालची पाने खुडून खोड त्या पानांच्या जागेपर्यंत मातीत घालावे, आणि हे काम उन्हे उतरल्यावर करावे. वीतभर रोपाचे निम्मे खोड मातीखाली गेलेले पाहून नवख्या माणसाला वाईट वाटते. परंतु आठ-दहा दिवसांत तेच रोप इतरांहून जोमदार दिसू लागते. खड्डा हातभर रुंद आणि वीतभरापेक्षा खोल असावा, त्यात घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि दोन रोपांत दोन फूट तरी अंतर ठेवावे. खताचा अतिरेक मात्र करू नये. नत्र फार झाले की झाड पानांनी गच्च होते, आणि फळे मोजकीच लागतात.

रोप गुडघ्याएवढे होताच त्याला काठीचा आधार द्यावा. जुन्नर आणि निफाड तालुक्यांतील शेतकरी बांबू रोवून त्यांवर तार ओढतात व झाडे सुतळीने तिला बांधतात. परसात एकेक बांबू पुरतो. उंच वाढणाऱ्या जातींमध्ये पान आणि खोड यांच्या बेचक्यातून नवे फुटवे निघतात. त्यांना बगलफुटी म्हणतात. त्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, म्हणजे झाडाचे बळ थोड्या फळांत एकवटते आणि फळे मोठी होतात. बुटक्या, झुडपासारख्या जातींना हा उपाय लावू नये. त्यांची फळे त्याच फांद्यांवर यायची असतात.

फुलांविषयीही एक मौज आहे. टोमॅटोच्या फुलातील पराग एका पिवळ्या नळकांडीत कोंडलेले असतात, आणि फूल हलल्याशिवाय ते बाहेर पडत नाहीत. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. भुंगा मात्र फुलाला मिठी मारून असा घूंऽऽ करतो की त्या कंपनाने पराग आपोआप झडतात. वाराही हे काम करतो. चहूकडून भिंती असलेल्या परसात वारा खेळत नसेल, तर सकाळी काठीला हलकेच टिचक्या माराव्यात, तेवढे पुरते.

आता पुन्हा त्या चिरलेल्या फळाकडे वळू. माती चार-पाच दिवस कोरडी पडली की फळाची साल निबर होते आणि तिची ताणण्याची शक्ती कमी होते. मग अपराधी वाटून कोणी एकदम दोन बादल्या पाणी ओततो. मुळे ते अधाशीपणे शोषून घेतात, आतील गर भराभर फुगतो, साल त्या वेगाने वाढू शकत नाही आणि चिरते. म्हणजे झाडाला पाणी मिळाले म्हणून नव्हे, ते एकाएकी मिळाले म्हणून फळ फुटते. अवकाळी पाऊसही हेच करतो. आकाश भरून आलेले दिसले की रंग धरू लागलेली फळे आधीच तोडून घरात ठेवावीत.

बुडाशी पडणारा काळा डाग याहून फसवा आहे. तो रोगासारखा दिसतो, पण त्यात ना कीड असते ना बुरशी. फळाच्या टोकाकडील पेशींना चुन्याचा अंश कमी पडला की त्या कोसळतात. हे ऐकून अनेक जण झाडाच्या बुंध्याशी अंड्यांची टरफले टाकतात. दख्खनच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर असतो. कमी असते ते तो वाहून नेणारे पाणी. चुना पाण्यात विरघळून मुळांवाटे वर जातो, आणि पाणी जिकडे अधिक खेचले जाते तिकडे, म्हणजे पानांकडे, धावतो. फळाच्या सालीतून फारशी वाफ निघत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला चुना थोडाच येतो. त्यात पाणी मध्येच तुटले तर तेवढाही येत नाही. कोकणातील तांबड्या, आंबूस जमिनीची गोष्ट वेगळी. तेथे लागवडीपूर्वी मातीत चुना मिसळणे खरोखरच उपयोगी पडते.

तेव्हा पाणी थोडे किंवा फार यापेक्षा ते नियमित असणे महत्त्वाचे. ते किती दिवसांनी द्यावे याचा एकच नियम सांगता येत नाही, कारण हलकी जमीन लवकर सुकते आणि काळी उशिरा. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. आत ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर पाणी द्यावे. बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा वाळका पालापाचोळा पसरला तर ओल टिकते.

ज्यांच्या घरी रोज पाणी घालायला कोणी नसते, त्यांच्यासाठी एक फार जुना उपाय आहे. न रंगवलेले साधे मातीचे मडके झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचे, त्यात पाणी भरायचे आणि तोंडावर झाकणी ठेवायची. झाकणी विसरली तर आत डास अंडी घालतात. मडक्याच्या अंगाला असंख्य बारीक छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी पडली की ती त्यांतून पाणी ओढून घेते. माती ओली असली की ओढ मंदावते. झाडाला हवे तेव्हा आणि हवे तितके पाणी मिळते, आणि माणसाने एवढेच करायचे की दोन-चार दिवसांनी मडके भरायचे. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात या रीतीचे वर्णन आहे. एवढी स्वस्त आणि शहाणी युक्ती आपल्याकडील फार थोड्या परसांत दिसावी, हे नवलच म्हटले पाहिजे.

शत्रूही असतात. पांढरी माशी रस शोषताना बोकड्या रोगाचे विषाणू पसरवते. मग पाने आकसून वाटीसारखी वळतात. असे झाड बरे होत नाही, ते उपटून दूर टाकावे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेने झेंडू लावतात, कारण तिचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर आवडीने अंडी घालतो. तंबाखू मळलेल्या हाताने मात्र रोपाला शिवू नये. तंबाखूतून एक विषाणू टोमॅटोला जडतो, आणि बोटांवरून तो सहज पसरतो. ज्या घरात आजोबा तंबाखू खातात, तेथे रोपे लावण्याचे काम नातवंडांकडे द्यावे.

फळावर गुलाबी झाक आली की ते तोडले तरी चालते. सावलीत ठेवले म्हणजे ते नीट पिकते. फ्रिजच्या थंडीत मात्र त्याचा वास आणि स्वाद उडून जातो. सर्वांत मोठे आणि निरोगी फळ तेवढे झाडावर पूर्ण पिकू द्यावे. त्याचा बियांसह गर वाटीत काढून दोन दिवस आंबू द्यावा, मग चाळणीत धुवून बिया कागदावर सावलीत वाळवाव्यात. बियाणे संकरित असेल, जसे ‘अर्का रक्षक’ आहे, तर पुढची झाडे आईसारखी निघतीलच असे नाही. सरळ जातीचे असेल तर ती तशीच निघतात. वाळलेल्या बिया कागदाच्या पुडीत बांधून, वर जात आणि वर्ष लिहून, पुढच्या भाद्रपदापर्यंत कोरड्या डब्यात ठेवाव्यात.