हत्तीखान्याचे खांब आणि जुळणीचा पुरावा

केजहून अंबाजोगाईला गेलेली माणसं योगेश्वरीचं दर्शन घेतात, मुकुंदराजांच्या समाधीकडे वळतात. जयंतीकाठच्या हत्तीखान्यापर्यंत, म्हणजे शिवलेण्यापर्यंत, थोडेच जातात. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस मात्र 1875-76च्या हंगामात बीदर आणि औरंगाबाद मुलखातल्या पुरातन वास्तूंची पाहणी करत होता आणि 1878 साली त्याचा अहवाल छापला गेला. निजामाच्या दफ्तरी अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती. त्या पिढीने दोरी-साखळीने केलेलं काम आज लेझर स्कॅनर सेकंदाला लाखो बिंदू टिपून करतो. त्यामुळे लेण्यांची मोजणी आता सुटली, असा समज झाला आहे. तो मला मान्य नाही. मोजणी सोपी झाली. अवघड आहे ती वेगवेगळे स्कॅन एकमेकांवर बसवण्याची जुळणी, आणि ती बरोबर झाल्याचा पुरावा जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मिळत नाही.

हत्तीखान्याचा मंडप सुमारे 90 फूट लांब, 45 फूट खोल, 32 खांबांवर उभा. एका जागी स्कॅनर लावला तर प्रत्येक खांबामागे अंधार राहतो, म्हणून जागा बदलत अनेक स्कॅन घ्यावे लागतात. दर स्कॅनचा पॉइंट क्लाउड, म्हणजे बिंदूंचा ढग, स्वतःच्याच अक्षांत असतो. तो शेजारच्यावर बसवायचा तर तीन सरकणी आणि तीन वळणं, अशी सहा मापं काढावी लागतात. बेस्ल आणि मॅके यांनी 1992 साली मांडलेली आयसीपी रीत इथे सर्रास वापरतात: प्रत्येक बिंदूचा सर्वांत जवळचा जोडीदार शोधायचा, अंतरं कमी होतील असा ढग हलवायचा, पुन्हा शोधायचं. ही रीत सुरुवातीचा अंदाज बरोबर असेल तरच बरोबर जागी थांबते. सारख्या खांबांच्या रांगेत ढग एका खांबाइतका सरकून बसला, तरी जमीन जमिनीवर, छत छतावर आणि खांब खांबावरच पडतो. सरासरी चूक लहान दिसते आणि नकाशा खोटा निघतो. सपाट भिंतीवर तर ढग भिंतीच्या दिशेने सहज घसरतो. उलट बालाघाटच्या घाटातला ओबडधोबड कडा किंवा अंगणातले कोरीव हत्ती ढगाला पक्के धरून ठेवतात, कारण तिथे एक आकार दुसऱ्यासारखा नसतो. म्हणजे कारागिराने जिथे सर्वांत नेटकं काम केलं, तिथेच जुळणी सर्वांत जास्त फसते.

यावर म्हणतात, नव्या यंत्रांत उतार मोजणारा सेन्सर असतो, हातात धरून चालता चालता मोजणारे स्कॅनरही आले आहेत. सेन्सर सहांपैकी दोनच मापं धरतो. उभ्या अक्षाभोवतीचं वळण सुटंच राहतं, आणि त्यात एक मिनिट कोनाची चूक झाली तर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जवळपास 8 मिलिमीटरचा फरक पडतो. हातातल्या यंत्राची चूक चालण्याबरोबर साठत जाते, आणि दगडाखाली जीपीएस पोहोचत नाही. ही अडचण नवी नाही. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीत लॅम्बटनने 1815 साली बीदरजवळ पायारेषा मोजली होती. 1841 मध्ये ती पुन्हा मोजली गेली, कारण त्रिकोणांची साखळी स्वतःच्या खरेपणाची साक्ष देऊ शकत नाही, ही जाण त्या मोजणीदारांना होती.

मिलिमीटरचा एवढा आग्रह कशाला, हा आक्षेप पर्यटकांसाठी चित्र बनवताना खरा आहे, जतनाच्या कामात नाही. दहा वर्षांनी पुन्हा स्कॅन केला आणि सगळ्याच बिंदूंवर आयसीपी चालवली, तर छताचा ढळलेला भागही जुळणीत ओढला जातो आणि खरा बदल सगळीकडे पातळ पसरतो. लाग आणि सहकाऱ्यांनी 2013 साली मांडलेल्या एम३सी२ पद्धतीत म्हणूनच जुळणीची चूक बदलाच्या मर्यादेत मिळवतात. जुळणीच 1 सेंटिमीटरने अनिश्चित असेल, तर भेग 5 मिलिमीटर रुंदावली असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

म्हणून जुळणीला बाहेरचा पुरावा हवा. त्यासाठी कोरीव भिंतीला खिळे ठोकावेत, असं मुळीच नाही. लेण्याबाहेरच्या पक्क्या खडकावर कायम खुणा कराव्यात, आत काढता येणारी टार्गेटं लावावीत, कोन आणि अंतर मोजणाऱ्या टोटल स्टेशनने ती बाहेरच्या खुणांशी बांधावीत आणि काही टार्गेटं जुळणीत न वापरता फक्त तपासणीसाठी राखावीत. मराठवाड्यातलं कोणतंही लेणं स्कॅन करायला निघालेल्यांना माझी विनंती आहे: पॉइंट क्लाउडबरोबर त्या खुणांचे आकडे आणि तपासणीत निघालेल्या चुकाही जपून ठेवा.