बोटांची साक्ष

ठसा जुळला कीं गुन्हेगार सांपडला, अशी घरोघरीं समजूत असते. आमच्या पुण्यांतच राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचें अंगुलिमुद्रा केंद्र आहे. तेथील तज्ज्ञ मात्र असें कधीं म्हणणार नाहीं.

ही विद्या आपल्याच देशांत वाढली. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं वर्गीकरण बसविलें, नांव मात्र हेन्रीसाहेबांचें झालें. १८९८ सालीं जलपायगुडीच्या चहामळ्यांतील एका खुनाचा खटला चालला. पंचांगावरील रक्ताचा डाग कंगाली चरण याच्या जुन्या शिक्षेच्या वेळीं घेतलेल्या ठशाशीं जुळला. न्यायालयानें चोरीची शिक्षा दिली. खुनाच्या आरोपांतून तो सुटला. बोट येथें टेंकलें, एवढेंच ठसा सांगतो. कोणीं मारलें, हें नव्हे.

आज संगणक क्षणांत जुळते ठसे पुढें टाकतो. तरी रेघ कोठें फुटते, कोठें संपते, हें भिंगाखालीं माणसानेंच ताडून पाहावयाचें असतें. त्याच्या एका होकारावर कोणाच्या घरचा कर्ता पुरुष तुरुंगांत जाऊं शकतो. म्हणून पुसट ठशावर ‘मत देतां येत नाहीं’ असें लिहिण्याचें धैर्य, हीच आम्ही त्याची खरी विद्या मानतों.