कर्करोग आणि मूत्रपिंडें

मालवणच्या किनाऱ्यावर आजाऱ्यास भेटावयास जाणारा माणूस रिकाम्या हातानें जात नाहीं. दोन शहाळीं तरी नेतोच. प्रेम खरें, परंतु ज्याचीं मूत्रपिंडें निकामी होत आहेत त्याला तें बाधण्याचा संभव असतो. शहाळ्यांत पोटॅशियम विपुल असतें. तें मूत्रावाटे पुरेसें बाहेर पडेनासें झालें म्हणजे रक्तांत साठतें आणि हृदयाची गति बिघडवितें. कर्करोग्याच्या घरीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण त्या रोगांत मूत्रपिंडें पुष्कळदा गुपचूप आजारी पडतात.

स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गांठ मूत्रवाहिन्या दाबते. मूत्र वर तुंबून मूत्रपिंडें फुगतात. सोनोग्राफींत हें सहसा दिसतें, व वेळींच नळी घालून वाट मोकळी केली तर तीं पुष्कळदा सांवरतात. सिसप्लॅटिनसारखें औषध कर्करोगाशीं झुंजतांना मूत्रपिंडांसही इजा करतें. म्हणून तें देतांना शिरेंतून सलाईन देतात.

सर्वांत फसवा प्रकार अस्थिमज्जेच्या कर्करोगाचा, म्हणजे मल्टिपल मायलोमाचा. उतारवयांत कंबर दुखूं लागते, थकवा येतो, रक्त कमी होतें. वयच झालें असें म्हणून घरचीं माणसें वेदनाशामक गोळ्या देतात, आणि त्यांतील कित्येक गोळ्या आधींच शिणलेल्या मूत्रपिंडांचा घात करतात. या रोगांत एक विशिष्ट प्रथिन मूत्रनलिकांत गोठून त्या बंद करतें. १८४५ सालीं लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या मूत्रांत डॉ. बेन्स जोन्स यांनीं तें पाहिलें: उकळतांच विरघळणारें, निवतांच पुन्हा दाट होणारें. नवल असें कीं, नेहमींच्या कागदी पट्टीस तें बहुधा सांपडत नाहीं! म्हणून क्रिएटिनिन वाढलें आणि कारण कळेना, तर रक्त व मूत्र यांतील प्रथिनांची निराळी तपासणी करावी लागते. कधीं मूत्रपिंडाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात.

सिंधुदुर्गांतील पुष्कळ रोगी गोव्यांत बांबोळीस, किंवा १९४१ सालीं परळला उघडलेल्या टाटा रुग्णालयांत जातात. जातांना जुने क्रिएटिनिनचे कागद व औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या. घेतलेल्या काढ्यांचींही नांवें सांगावीं, संकोच धरूं नये. आजचा आंकडा मागच्याशीं ताडल्यावांचून बिघाड नवा कीं जुना हें ठरविणें कठीण. डायालिसिस सुचविलें म्हणजे सर्व संपलें असें घरच्यांस वाटतें. तसें नाहीं. मायलोमांत मूळ रोगावर औषध लौकर सुरू झालें तर कांहीं रोग्यांचें डायालिसिस पुढें सुटतेंही.

पाणी किती प्यावें हें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें. पोटॅशियमचा आंकडा हातीं येईपर्यंत शहाळीं मात्र भेटावयास आलेल्यांनींच प्यावींत.