लाकडी घोड्यांचा प्रवास

आजी-आजोबांनो, चौलची दत्तजयंतीची जत्रा आठवते ना? कोकणातल्या अशा जत्रांत लाकडी घोड्यांची चक्री असायची. चक्रीवाला ती हातानेच ढकलायचा, आणि फेरी संपली की पोरं म्हणायची, "अजून एकदा!"

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहरात अशीच जत्रा वर्षातून दोनदा भरते, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत. तिचं नाव 'केर्वे'. त्या भागाच्या बोलीत घोड्यांच्या चक्रीला 'राइटशूल' म्हणतात, म्हणजे घोडेस्वारीची शाळा! नाव उगाच पडलेलं नाही. पूर्वी युरोपातले सरदार टांगलेली कडी भाल्याने टिपण्याचा सराव फिरत्या लाकडी घोड्यांवर बसून करीत. पुढे तो मुलांचा खेळ झाला.

कायझर्सलाउटर्नपासून तासाभराच्या अंतरावर बाड क्रॉइत्सनाख हे गाव आहे. तिथले मिखाएल डेन्झेल अशा चक्र्या बांधत. त्यांचा मुलगा गुस्टाव्ह अमेरिकेला गेला आणि १८६७ साली त्याने फिलाडेल्फियात कारखाना काढला. त्या कारखान्याची १९२१ सालची एक चक्री मेरीलँडच्या ग्लेन एको पार्कमध्ये अजून जपलेली आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेले काही यहुदी कारागीर सिनेगॉगमधल्या हेखलावरचे सिंह कोरीत. पोटासाठी त्यांनी चक्रीचे घोडेही कोरले. हात तोच, छिन्नी तीच! सॉलोमन स्टाइन आणि हॅरी गोल्डस्टाइन यांनी १९०८ साली कोरलेले घोडे १९५१ पासून सेंट्रल पार्कमध्ये आहेत. २००७ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये अशा सिंहांचं आणि घोड्यांचं एकत्र प्रदर्शन भरलं होतं.

बालमित्रांनो, हा घोडा एका ओंडक्यातून निघत नाही. फळ्या सरसाने चिकटवून पोकळ धड करतात, मग डोकं, पाय जोडतात. बाहेरची, लोकांना दिसणारी बाजू जास्त नटवलेली असते. आपल्या बेने इस्राएल समाजातही सुतार पुष्कळ होते. तुमचे पणजोबा काय काम करीत, ते घरी विचारा बरं!

का विचारायचं? पोलंड-लिथुआनियातली बहुतेक लाकडी सिनेगॉगं नाझींच्या काळात नष्ट झाली. कायझर्सलाउटर्नचं १८८६ सालचं मोठं सिनेगॉगही १९३८ साली पाडलं. त्या कारागिरांची करामत आज पाहायची, तर ती मुलांच्या खेळण्यात सापडते. देश सोडताना माणूस हेखल खांद्यावर नेऊ शकत नाही, हातातली विद्या मात्र नेतो. पण ती कुणाची, हे सांगणारं कुणी नसलं तर घोडे नुसतेच फिरत राहतात.

म्हणून नातवंडांनो, चक्रीवर बसाल तेव्हा आजोबांना खाली पिशव्या सांभाळत उभे करू नका. त्यांनाही वर घ्या. गुडघे दुखत असतील तर बऱ्याच चक्र्यांत रथासारखा बाक असतो. फेरी चालू असताना त्यांच्या जत्रेची गोष्ट ऐका. गोष्ट अर्धी राहिली, तर अजून एक तिकीट काढा!